दोन किलो पंचेचाळीस ग्रॅम

गेल्या वर्षीच्या रमजानची गोष्ट. शेवटच्या अशऱ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिले होते : ‘सदका-ए-फित्र, दर माणशी २ किलो ४५ ग्रॅम गहू किंवा त्याची किंमत.’ आमच्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा तरावीहनंतर तो मजकूर वहीत उतरवून घरी घेऊन गेला. घरात माणसे सात. अब्बा वेल्डिंगच्या दुकानात कामाला. मुलगा गणितात हुशार म्हणून त्यांनी फितऱ्याचा हिशेब मोठ्या कौतुकाने त्याच्याकडेच सोपवला. त्याने २.४५ ला ७ ने गुणले, उत्तर आले १७.१५. अम्मीने १७ किलो १५० ग्रॅम गहू मोजून घेतले आणि ते एका गरजू घरी पोहोचते झाले.

शेजारच्या घरीही माणसे सातच. त्यांनी दिले १४ किलो ३१५ ग्रॅम. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाट्या इकडून तिकडे जाताना दोन्ही घरच्या बायका बोलल्या आणि पावणेतीन किलोंहून जास्त फरक उघडा पडला. दादी म्हणाल्या, “जास्त गेले ना? सदका झाला. त्यात रडायचे काय?” पण मुलगा रडत होता. ईदच्या सुटीनंतर शाळा भरली तेव्हा तो थेट आमच्या टेबलापाशी आला आणि त्याने वही उघडून ठेवली. “आपा, तुम्हीच तर बरोबरची खूण केली होती.”

पानावर उदाहरण होते : ३ किलो ५० ग्रॅम म्हणजे किती किलो? त्याने लिहिले होते ३.५०. त्यावर आमच्याच लाल पेनाची खूण होती. चाळीस वह्या एका मोकळ्या तासात तपासल्या की असे होते, हे सांगून आम्ही सुटू शकलो असतो. त्या मुलासमोर ते सांगवले नाही.

५० ग्रॅम म्हणजे ०.०५० किलो. म्हणून उत्तर ३.०५० हवे होते. त्याच चालीने २ किलो ४५ ग्रॅम म्हणजे २.०४५, आणि सात माणसांचे १४.३१५. शून्य एकच, पण ते कुठे बसते यावर सगळे ठरते. (काही मशिदींच्या फळ्यावर गव्हाचा आकडा १ किलो ६३३ ग्रॅम असा असतो. तो फरक फिकहचा आहे, तो उलमांनी सांगावा. आम्ही फक्त दशांश चिन्हाबद्दल बोलत आहोत.)

ही चूक त्या एका मुलाची नाही. त्या आठवड्यात आम्ही वर्गाला पाच उदाहरणे घातली, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी तेच केले. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. मूल दशांश चिन्ह पहिल्यांदा भेटते ते पैशात. ५ रुपये ५० पैसे म्हणजे ५.५०. नंतर येते मीटर-सेंटिमीटर, तिथेही शंभराचाच हिशेब. म्हणून मुलाच्या डोक्यात नियम पक्का होतो : मधले शब्द काढा, टिंब ठेवा. किलोग्रॅमपाशी हा नियम दगा देतो, कारण इथे शंभर नाहीत, हजार आहेत. टिंबानंतर तीन घरे लागतात. आम्ही शिकवताना ‘१ किलोग्रॅम = १००० ग्रॅम’ फळ्यावर लिहितो, मुले ते एका सुरात म्हणतात आणि पाच मिनिटांनी ३.५० लिहितात.

उलट चूकही तितकीच होते. घरातल्या गॅसच्या टाकीवर १४.२ किलो लिहिलेले असते. वर्गात विचारले तर बरीच मुले म्हणाली, चौदा किलो दोन ग्रॅम. तो दोन आहे दोनशे ग्रॅमचा. पालकहो, टाकी घरी आली की मुलाला हे एकदा विचारून पाहा. त्याच टाकीवर रिकाम्या टाकीचे वजनही कोरलेले असते. दोन्हींची बेरीज केली की भरलेली टाकी काट्यावर किती भरायला हवी ते कळते.

तुम्ही म्हणाल, गहू जास्त गेले तर बिघडले काय? काही नाही. पण हेच टिंब औषधाच्या बाबतीत सरकले तर बिघडते. लहान मुलाला दवाखान्यात आधी काट्यावर उभे करतात, कारण पुष्कळ औषधांचे प्रमाण मुलाच्या वजनावरून, दर किलोला इतके मिलिग्रॅम असे ठरते. १ ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅम. म्हणजे ५०० मिलिग्रॅम लिहिलेल्या गोळीत औषध अर्धा ग्रॅम. ०.२५ आणि ०.०२५ यांत दहापटीचा फरक आहे. आज वहीत ही दोन रूपे सारखीच मानणारे मूल उद्या कुणाची तरी अम्मी किंवा अब्बा होणार आहे, कुणी कंपाउंडर होणार आहे, कुणी नर्स.

मग आम्ही काय केले? पहिल्या दिवशी काही केले नाही, फक्त एक प्रश्न विचारला : एक ग्रॅम म्हणजे किती जड? कुणी म्हणाले मोबाइलएवढा, कुणी म्हणाले विटेएवढा. एकाने हात पसरून दाखवला, जणू ग्रॅम ही लांबी आहे. ३५०० ग्रॅमचे साडेतीन किलो करणारी ही मुले. आम्हांला आमचा बी.एड.चा सराव पाठ आठवला. पुठ्ठ्याचा सुंदर तराजू करून नेला होता, सोनेरी कागद लावलेला. त्यात काहीच तोलता येत नव्हते. निरीक्षकांनी शैक्षणिक साहित्याचे पूर्ण गुण दिले होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी आकडे बंद केले. चुरमुऱ्यांची मोठी फुगलेली पिशवी आणि मूठभर खिळ्यांची पुडी आणली. डोळे मिटून दोन हातांत दोन वस्तू घ्यायच्या आणि कोणती जड ते सांगायचे. मोठे ते जड, हा समज मुलांच्या मनात फार खोल असतो. तो सांगून जात नाही, हातात घेतल्यावरच जातो.

मग कपड्यांचा हँगर खिळ्याला टांगला, दोन्ही टोकांना सारख्याच दोऱ्यांनी सारखेच दोन प्लास्टिकचे डबे बांधले. रिकामा असताना हँगर सरळ राहिला पाहिजे, नाहीतर हलक्या बाजूला चिकटपट्टी लावून सरळ करायचा. झाला तराजू. वजने आणायची कुठून? आमच्याकडे दहा रुपयांचे नाणे घ्यायला दुकानदार कुरकुरतात, त्यामुळे ती नाणी घरोघर डब्यात पडून असतात. दहाचे दुरंगी नाणे ७.७१ ग्रॅमचे असते. अशी तेरा नाणी म्हणजे १०० ग्रॅम, थोडे इकडे-तिकडे. तेरा नाणी एका रुमालात बांधली की आपले शंभर ग्रॅमचे वजन तयार! त्याच्यासमोर वाळू तोलून मुलांनी शंभर शंभर ग्रॅमच्या पुरचुंड्या केल्या. पाच पुरचुंड्यांची अर्धा किलोची पिशवी केली, दोन पिशव्यांचा एक किलो. दहा पुरचुंड्या एका पिशवीत जाताना पाहिल्यावर ‘हजार’ हा शब्द मुलांनी पहिल्यांदा ओझे म्हणून ऐकला. मग आम्ही विचारले, या किलोत पन्नास ग्रॅम घालायचे तर काय करू? एक मुलगी म्हणाली, पुरचुंडी अर्धी फोडा. “मग ३.५० किलोमध्ये किती पुरचुंड्या जास्त?” पाच. “आणि ३ किलो ५० ग्रॅममध्ये?” अर्धी. वर्गात कुणीतरी ‘ओह’ केले. आमच्या बावीस वर्षांच्या नोकरीत फळ्यावरून असा ‘ओह’ आम्हांला मिळाला नव्हता.

पुरचुंड्या बरोबर आहेत का हे पाहायला त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेल्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक ९६ भरली, एक १०४. वाळू थोडी ओली होती हे कारण मुलांनी स्वतः शोधले. दुकानदारांनी मोठ्या धीराने दहाही पुरचुंड्या तोलू दिल्या आणि वर काट्यावरचा सरकारी शिक्का दाखवला. वैधमापन विभागाकडून काटा ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावा लागतो, हेही त्यांनीच सांगितले.

त्यानंतर महिनाभर रोज एक खेळ चालला. एक वस्तू हातोहात फिरवायची, प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, मग तोलायची. अंदाज आणि खरे वजन शेजारी शेजारी. कांदा, चपलेचा जोड, डस्टर, कंपासपेटी. पहिल्या आठवड्यात अंदाज ऐकून हसू यायचे, कांदा दोन किलोचा होता! हळूहळू ते जमिनीवर आले. आणि इथे आमचे डोळे उघडणारी एक गोष्ट झाली. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे अब्बा हातगाडीवर भाजी विकतात. चाचणीत तिला वीसपैकी सहाच्या वर गुण नसतात. या खेळात तिचा अंदाज बहुतेक वेळा वीस-तीस ग्रॅमच्या आत असायचा. वांगे हातात घ्यायची, एकदा वर-खाली करायची आणि आकडा सांगायची. आम्ही दोन वर्षे तिला ‘कच्ची’ म्हणत होतो. पाव, अदपाव, पाऊण, सव्वा हे सगळे तिला तोंडपाठ होते. तिला येत नव्हते ते फक्त कागदावर मांडणे. आता ती मांडायला शिकते आहे, सावकाश. गटात वजनाचे काही असले की मुले तिच्याकडे वळतात, आणि ती थोडी ऐटीत वागते. वागू दे.

पाव-अदपावचे निघाले म्हणून सांगतो. आपल्या घरांतली इंग्रजी माध्यमाची मुले हे शब्द विसरत चालली आहेत. ‘पाऊण किलो साखर आण’ म्हटले की सव्वा किलो येते किंवा मूल दुकानातूनच फोन करते. पाव म्हणजे २५० ग्रॅम, अदपाव १२५, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, पावणेदोन १७५०, अडीच २५००. उर्दूत पौन, सवा, डेढ, ढाई, म्हणजे दोन्ही भाषांचा संसार एकच आहे. हा तक्ता पाठ करून घेऊ नका. आठवड्याच्या बाजाराची यादी मुलाला या शब्दांत सांगा, त्याने ती ग्रॅममध्ये लिहून न्यावी आणि आल्यावर पुड्या काट्यावर ठेवाव्यात. घरी काटा नसेल तर एक लिटरची बाटली पाण्याने भरा, आतले पाणी एक किलो धरायला हरकत नाही. बाटलीचे वजन वेगळे, ते आधी वजा करायचे. मुले हे नेहमी विसरतात, आणि मोठेही. मिठाईच्या दुकानात खोक्यासह मिठाई तोलली जाते तेव्हा आपण किती जण बोलतो?

लिटर आणि किलो एकच, असाही एक समज यातून तयार होतो. तो वेळीच मोडावा. गोडेतेलाच्या अनेक पुड्यांवर १ लिटर आणि शेजारी ९१० ग्रॅम असे दोन्ही छापलेले असते. मुलाला ते वाचायला लावा आणि गप्प बसा. ‘कंपनी फसवते’ हे पहिले उत्तर येईल. थोड्या वेळाने ‘तेल पाण्यावर तरंगते’ हे आठवेल. आमच्या लहानपणी दादीच्या घरी धान्य पायलीने मोजत, चार शेरांची पायली. ती तोलण्याची नव्हे, भरण्याची मापे. एका पायलीत ज्वारी वेगळी भरते आणि तूरडाळ वेगळी. दादीला हे ठाऊक होते. आम्ही ते पुस्तकात धारकता या धड्यात वाचले आणि दोन्हींचा संबंध लावायला आम्हांला चाळिशी यावी लागली.

जुन्या मापांतला तोळा मात्र अजून घरोघर जिवंत आहे, आणि तिथे हिशेब चुकतो. याच वर्गातल्या एका मुलीने विचारले, “नानी म्हणतात जकातीचा निसाब साडेबावन्न तोळे चांदी. सोनार म्हणतो तोळा म्हणजे दहा ग्रॅम. मग ५२५ ग्रॅम ना?” नाही. सोनारांच्या बोलण्यातला दहा ग्रॅमचा तोळा ही बाजाराची सोय आहे. निसाबाच्या त्या हिशेबातला तोळा जुना, सुमारे ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून साडेबावन्न तोळे चांदी होते ६१२.३६ ग्रॅम, आणि साडेसात तोळे सोने ८७.४८ ग्रॅम. हनफी घरांत चालणारे हे आकडे. कोकणातल्या शाफई घरांनी आपल्या आलिमांना विचारावे. पण कुठेही गेलात तरी तोळा कोणता, हे आधी विचारा. तो गुणाकार त्या दिवशी सगळ्या वर्गाने केला. दशांशाच्या गुणाकाराला इतका शांत वर्ग आम्ही पाहिला नव्हता, कारण प्रत्येकाला घरी जाऊन काहीतरी सांगायचे होते.

आपल्या देशात वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. त्याआधी ८० तोळ्यांचा शेर होता, सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलो शेरापेक्षा थोडा मोठा. खुद्द किलोची कहाणीही मुलांना आवडते. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल म्हणजेच किलो. त्याची भारताला मिळालेली ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून मात्र किलो कोणत्याही धातूच्या तुकड्यावर अवलंबून नाही, तो निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून ठरवला जातो. ‘तुकडा झिजला तर?’ हा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने विचारला. शास्त्रज्ञांनाही तीच काळजी होती.

पुस्तकात शब्द आहे वस्तुमान, घरात आपण म्हणतो वजन. पाचवीच्या मुलाला यावरून टोकू नये. सातवी-आठवीत चंद्रावर किती भरेल हा प्रश्न येतोच, तेव्हा फरक सांगता येतो. हँगरचा तराजू चंद्रावर नेला तरी किलोसमोर किलोच तोलून दाखवेल, ताणकाटा मात्र वेगळे सांगेल. एवढे पुरे.

दप्तरांचेही वजन केले. दप्तरासह काट्यावर उभे राहायचे, मग दप्तराशिवाय, आणि वजाबाकी. २०२० च्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे असे म्हटले आहे. २८ किलोच्या मुलीचे दप्तर ४ किलो ३०० ग्रॅम निघाले, हवे होते २ किलो ८०० च्या आत. मुलांनी स्वतः आकड्यांचा तक्ता करून मुख्याध्यापकांना दिला. तक्रार केली असती तर ‘बघू’ म्हणाले असते. तक्त्यासमोर त्यांना तसे म्हणता आले नाही, दोन विषयांच्या वह्या आता शाळेतच राहतात. एक सांभाळावे लागते. मुलाचे स्वतःचे वजन मोठ्याने वाचायचे नाही. आम्ही पहिल्या दिवशी ती चूक केली, आणि एक जाडसर मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

मुलांना आता सवय लागली आहे ती दुकानात आधी शून्य पाहायची. “चाचा, काटा जीरो पे नै आया,” असे एकाने ऐकवले तेव्हा दुकानदार रागावले आणि घरी तक्रार आली. अम्मी आमच्याकडे आल्या, म्हणाल्या, मुलगा उद्धट झाला आहे. आम्ही मुलाला सांगितले, विचारायचे, पण सलाम करून विचारायचे. कुरआनच्या ८३व्या सूरहला मापात मारणाऱ्यांवरूनच नाव पडले आहे, हे त्या अम्मींनाही ठाऊक होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग दुकान बदलू का?” तो निर्णय त्यांचा.

यंदाच्या रमजानमध्ये तो वेल्डरचा मुलगा सहावीत होता. घरात एक लहान बहीण आली आहे, म्हणून माणसे आठ. फळ्यावर तोच आकडा होता. त्याने २.०४५ ला ८ ने गुणले, १६.३६० आले. पुन्हा २०४५ ग्रॅमला ८ ने गुणून ताळा घेतला, १६,३६० ग्रॅम. कागद आमच्याकडे आणून दाखवला. या वेळी आम्ही खूण करण्याआधी स्वतः गुणाकार केला. दुकानात गहू तोलून घरी आणल्यावर दादींनी पिशवीत वरून दोन ओंजळी टाकल्या. मुलाने पिशवी परत काट्यावर नेली. त्याच्या वहीत शेवटची ओळ आहे : ‘दादीच्या ओंजळी, ३४० ग्रॅम = ०.३४० किलो.’